राहू दे, मी करते

गटप्रकल्पाच्या अहवालात शेवटच्या पानावर एक रकाना असे: कामात कुणाचा वाटा किती. गट तिघांचा असेल तर सगळी पोरं न चुकता तेहतीस, तेहतीस, चौतीस असं लिहीत. वरचा एक टक्का ज्यानं सगळं काम केलं त्याला. ही पद्धत कुणी पाडली ते ठाऊक नाही, पण विभागातल्या सरांनीही आपल्या विद्यार्थिदशेत हेच लिहिलेलं असल्यामुळे त्यावर कुणी भुवई उंचावत नसे.

दर्शना ठवकरला तो वरचा एक टक्का शाळेपासून मिळत आला होता. आता बेचाळिसाव्या वर्षी तिला त्याचा वीट आला होता.

या वयात एम.टेक. करायची तिला काही हौस नव्हती. नागपूरजवळच्या एका तंत्रनिकेतनात ती संगणक शिकवायची, बरं शिकवायची, आणि तसंच शिकवत निवृत्त झाली असती. पण नवा नियम आला. जूनपर्यंत ज्यांच्याकडे एम.टेक.ची पदवी नसेल त्यांना वर्गावर उभं राहता येणार नव्हतं; त्यांनी कार्यालयात बसून हजेरीची यंत्रं सांभाळायची, नाहीतर घरी बसायचं. तेव्हा दर्शनानं प्रवेश घेतला आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर जाऊन बसली.

नागपुरात आता फेब्रुवारीपासूनच सकाळी अकरानंतर रस्त्यावर फिरायला मनाई असे. पारा चढला की सगळं शहर पडदे ओढून बसे. त्यामुळे कॉलेज भल्या पहाटे भरायचं आणि दर्शनाचं तंत्रनिकेतन दिवस मावळताना. मधल्या वेळात घर. ती दिवसातून दोनदा डबा भरायची, दोनदा वेणी घालायची आणि एकदाही नीट झोपायची नाही.

तिच्या गटात आणखी दोघं होती. तथागत मेश्राम हा उंच, सावकाश बोलणारा मुलगा. काही विचारायच्या आधी तो इतका वेळ घ्यायचा की समोरच्याला वाटे, विसरला. ओजस्वी राऊत त्याच्या अगदी उलट, तोंडानं फटकळ आणि हातानं चपळ. दोघंही दर्शनाला ताई म्हणत. गट ठरला त्या सकाळी तिघं कॉलेजसमोरच्या गाडीवर तर्री-पोहे खायला उभी राहिली आणि विषयावर आली.

"पार्किंगचं ॲप करू," ओजस्वी म्हणाली. "रिकामी जागा कुठं आहे ते दाखवणारं. दर वर्षी कोणीतरी करतंच. नापास कोणी होत नाही."

"मला वेगळंच सुचून राहिलंय," दर्शना म्हणाली. "हे तेहतीस-तेहतीस-चौतीस आहे ना, ते मोडून काढायचं. कोणाचा वाटा किती ते यंत्रानं सांगायचं."

"मोजणारे प्रोग्राम आहेत की, ताई. कोणी किती ओळी लिहिल्या ते सांगतात."

"ओळी आता कोण लिहितं? सगळं यंत्रच लिहून देतं. माणसाचं काम काय उरलं? काय लिहून घ्यायचं ते ठरवायचं, आणि आलेलं कुठं चुकलं ते ओळखायचं. ते ओळी मोजून नाही कळत."

कल्पना साधी होती. घरातलं एक माणूस चार दिवस गावाला गेलं की ते काय काय करत होतं ते आपोआप कळतं. यंत्र तेच करणार होतं. गटाचे सगळे निरोप, बैठकांमधलं बोलणं, कामाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या त्याला द्यायच्या. त्यावरून ते प्रत्येकाची एक प्रतिमा तयार करणार. प्रतिमा म्हणजे चेहरा नव्हे. अमुक अडचण समोर आली तर हा माणूस काय म्हणेल, काय करेल, किती वेळ घेईल, याचा अंदाज बांधणारा प्रोग्राम. कारखान्यांत आणि दवाखान्यांत अशा प्रतिमा तोवर सर्रास वापरात आल्या होत्या. दर्शनाची भर एवढीच, की सगळ्या प्रतिमा एकत्र बसवायच्या आणि त्यांना तोच प्रकल्प पुन्हा करायला लावायचा, पण एक माणूस वगळून. हे एकदा नव्हे, हजार वेळा करायचं, कारण एकदा नशिबानंही काहीबाही होऊ शकतं. दर वेळी जो प्रकल्प तयार होईल त्याला विभागाच्या तपासणी-प्रोग्रामकडून गुण घ्यायचे आणि सरासरी काढायची. खऱ्या प्रकल्पाला सत्तर गुण पडत असतील आणि एखाद्याला वगळून पन्नास, तर त्याचा वाटा वीस. त्याला वगळूनही सत्तरच पडले, तर त्याचा वाटा शून्य.

ओजस्वीनं पोह्यांवर आणखी तर्री घालून घेतली. "ताई, पोरं आपल्याला मारतील," ती म्हणाली. पण तिला विषय आवडला होता. तथागतही बऱ्याच वेळानं म्हणाला, "करू."

आराखडा दर्शनानं केला. कुठल्या आठवड्यात काय, कुणाकडे काय, अडलं तर काय. तो इतका नेटका होता की मार्गदर्शक पिंपळापुरे सरांनी तो दुसऱ्या गटांना नमुना म्हणून दाखवला. त्यात माणसांच्या प्रतिमा घडवण्याचं काम तथागतकडे होतं, हजार फेऱ्या चालवण्याचं ओजस्वीकडे आणि सगळं जुळवण्याचं दर्शनाकडे. कागदावर तरी तसं होतं.

चौथ्या आठवड्यात एकदा प्रयोगशाळेत कूलरच्या घरघरीत तथागत तिच्या खुर्चीजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, एक विचारायचं होतं. माणूस गप्प असला तर प्रतिमेत काय दाखवायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे बैठकीत तो काहीच बोलत नाही. निरोपाला उत्तर देत नाही. तेव्हा तो विचार करून राहिला असेल, नाहीतर त्यानं सोडून दिलं असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पण फरक आहे ना?"

दर्शनानं त्याच्या पडद्याकडे पाहिलं. आठवडा झाला होता आणि काम अर्धंही झालेलं नव्हतं. दहा वाजत आले होते, मनाईच्या आत घर गाठायचं होतं, मुलीचं, इराचं, जेवण व्हायचं होतं, तंत्रनिकेतनाच्या चाचणीचे पेपर तपासायचे होते.

"राहू दे, मी करते," ती म्हणाली. चिडून नाही, अगदी मायेनं म्हणाली. गप्प म्हणजे काही नाही, असं तिनं धरलं आणि यंत्राकडून तसं लिहून घेतलं. बसमध्ये बसल्या बसल्या झालंही.

हे शब्द आपल्या तोंडून दिवसातून किती वेळा निघतात याचा तिला पत्ता नव्हता. मुलीनं भाजी जाड चिरलेली असायची, नवऱ्यानं आवरलेलं कपाट तिला पटायचं नाही, सहकाऱ्यांच्या प्रश्नपत्रिकांत चुका असायच्या. राहू दे, मी करते. तिला ते प्रेमाचे शब्द वाटायचे, आणि बऱ्याच अंशी ते होतेही.

त्यानंतर तथागत फारसं विचारेनासा झाला. तो यायचा, बसायचा, सांगितलेलं करायचा. ओजस्वी सकाळचा चहा आणून द्यायची आणि "ताई, काही मदत?" असं विचारायची. "नको, होतच आलंय," असं दर्शना म्हणायची. ती दमून गेली होती, आणि खरं सांगायचं तर त्या दमण्यात तिला थोडा मोठेपणाही वाटत होता. आपण नसतो तर या दोघांचं काय झालं असतं, असं ती बसमध्ये खिडकीशी डोकं टेकून म्हणायची, आणि मग डोळा लागून तिचा थांबा चुकायचा.

यंत्र तयार झालं तेव्हा ते कुणावर चालवून बघायचं हा प्रश्न आला. दुसऱ्या गटांना विचारलं तर सगळ्यांची पाचावर धारण बसली. एका टक्क्याचे मानकरी तेवढे हो म्हणाले, बाकीच्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. शेवटी ठरलं, आपल्याच गटावर चालवू. आराखडा मंजूर झाला तिथपासूनच्या सगळ्या नोंदी त्यांच्याकडे होत्याच. दर्शनाला आतून बरं वाटलं. यंत्र काय सांगणार हे तिला माहीत होतं, फक्त ते एकदा दुसऱ्या कुणीतरी सांगावं एवढीच तिची इच्छा होती.

रविवारी दुपारी, बाहेर ऊन रटरटत असताना, फेऱ्या पूर्ण झाल्या. पडदे ओढलेल्या खोलीत दर्शना पलंगावर मांडी घालून बसली होती. शेजारी सतरा वर्षांची इरा पालथी पडून वाचत होती. पडद्यावर तीन ओळी आल्या.

तथागत: शून्य. ओजस्वी: शून्य. दर्शना: उणे अकरा.

वजाचं चिन्ह चुकून आलं असेल असं तिला वाटलं. तिनं हिशेब तपासला, फेऱ्या पुन्हा लावल्या, स्वयंपाकघरात जाऊन उगीचच ओटा पुसला. परत आली तर उणे अकराच. खऱ्या प्रकल्पाला सत्तर गुण होते. तिला वगळून झालेल्या प्रकल्पाला सरासरी एक्क्याऐंशी.

मग तिनं हजार फेऱ्यांपैकी एक उघडली आणि ती ज्या जगात नव्हती त्या जगातलं बोलणं वाचायला घेतलं.

त्या जगात पहिले दोन आठवडे नुसता गोंधळ होता. दोघं भांडत होती, कामं विसरत होती, सरांची बोलणी खात होती. तिला हसू आलं. चौथ्या आठवड्यात तथागतनं तोच प्रश्न विचारला होता, या वेळी ओजस्वीला.

"काय माहीत," त्या ओजस्वीनं लिहिलं होतं. "तू गप्प असतोस तेव्हा काय करून राहतो?"

"कधी कधी विचार. कधी कधी वाट बघतो, कोणीतरी करून टाकेल म्हणून."

"मग हे दोन वेगळे दाखव ना बे."

आणि त्यांनी ते दाखवलं होतं. त्यासाठी दोघांचे दोन आठवडे गेले होते, दोनदा सगळं मोडून पुन्हा केलं होतं. उत्तर शेवटी सोपं निघालं होतं: गप्प बसण्याकडे बघायचंच नाही, त्यानंतर काय येतं ते बघायचं. विचार करत असलेला माणूस नवा प्रश्न घेऊन परत येतो. सोडून दिलेला माणूस "ठीक आहे" म्हणून परत येतो. एवढं धरल्यावर त्यांच्या यंत्राला माणसं जास्त बरोबर ओळखू येऊ लागली होती, आणि वरचे अकरा गुण तिथून आले होते.

दर्शना शेवटपर्यंत वाचत गेली. आपलं नाव कुठं येतं का ते शोधत होती हे तिच्या उशिरा लक्षात आलं. येणार कसं, तिला वगळलेलं होतं. तरी तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ती पोरं तिच्यावाचून इतकी बोलत होती.

आणि त्या दोन शून्यांचाही अर्थ मग तिला लागला. तथागतला वगळलं तर काय बिघडतं? काहीच नाही, कारण दर्शना आहे, ती करून टाकते. ओजस्वीला वगळलं तरी तेच. पोरांना शून्य मिळालं होतं ते ती नालायक होती म्हणून नव्हे. दर्शना तिथं होती म्हणून.

"आई, काय झालं?" इरानं विचारलं.

दर्शनानं तिला सगळं सांगितलं. इरा उठून बसली. पुढच्या वर्षी ती शिकायला पुण्याला वसतिगृहात जाणार होती आणि तिला साधा भात लावता येत नव्हता.

"आपल्या घराचेही सगळे निरोप आहेत ना आपल्याकडे," ती म्हणाली. "आपल्यातून तुला वजा केलं तर किती येईल?"

"नाही करायचं ते."

"काहून?"

"मला भीती वाटते म्हणून," दर्शना म्हणाली. त्या संध्याकाळी इरानं स्वतः कुकर लावला आणि आईला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दर्शनानं दोघांना आकडे दाखवले आणि ते बोलणंही वाचायला दिलं. ओजस्वी वाचता वाचता आधी हसली, मग गंभीर झाली. तथागतनं सगळं दोनदा वाचलं.

"हे मी लिहिलं?" त्यानं विचारलं.

"तू लिहिलं असतंस. मी नसते तर."

"म्हणजे मी नाही लिहिलं." त्यानं खुर्ची मागे सारली. "मग त्याचं काय करायचं, ताई? तो पोरगा हुशार आहे. मी त्याला ओळखत नाही."

तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि आपल्या जुन्या अर्धवट कामाची फाइल उघडून बसला. प्रतिमांच्या जगात तयार झालेलं यंत्र त्यानं बघायचं नाकारलं. उत्तर तर त्याला ठाऊक झालंच होतं, पण ते आपल्या यंत्रात बसवायचं कसं, हे तो स्वतः शोधणार होता. सादरीकरणाला पंधरवडा उरला होता. दर्शना शेजारच्या खुर्चीवर बसायची आणि तो चुकताना बघायची. चूक तिला तो करायच्या आधी दिसायची. हात मांडीखाली घेऊन बसावं लागायचं. चार महिने काम करून ती जेवढी दमली नव्हती तेवढी त्या पंधरवड्यात काम न करून दमली.

मध्येच पिंपळापुरे सरांनी तिला बोलावून घेतलं. सर खुशीत होते. विभागप्रमुखांना यंत्र फार आवडलं होतं आणि या वर्षीपासूनच प्रकल्पाचे गुण त्यावरून द्यायचं घाटत होतं. ज्याचा वाटा दहाच्या खाली तो नापास.

"सर, आमच्याच गटाचे आकडे बघितले ना तुम्ही?"

"बघितले ना. काळजी कशाला करता, ठवकर मॅडम?" सरांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही वगळणं आराखडा मंजूर झाल्यापासून धरलंय. पहिल्या दिवसापासून धरा. तुम्ही नसता तर या दोघांनी पार्किंगचं ॲप केलं असतं. त्याला पडले असते चाळीसएक. म्हणजे तुमचा वाटा झाला तीस. मी करून बघितलंय."

"आणि त्या दोघांचा?"

"त्यांचा शून्यच राहतो. ते तर कसंही धरलं तरी शून्यच आहे."

सर खोटं काहीच सांगत नव्हते. कल्पना तिची होती, ती नसती तर हे यंत्र झालंच नसतं, हे खरं होतं. ती नसती तर यंत्र अधिक चांगलं झालं असतं, हेही खरं होतं. कुठल्या दिवसापासून वगळायचं एवढाच प्रश्न, आणि तो दिवस तिनं निवडायचा होता. एक तारीख बदलली की जूनमध्ये ती आपल्या वर्गावर उभी राहणार होती.

"विचार करते," ती म्हणाली.

घरी जाऊन तिनं विचार केला तो फारसा लांबला नाही, कारण तिच्यात त्राण नव्हतं. अहवालात तिनं दोन्ही तारखांचे दोन्ही आकडे लिहिले. शेवटच्या पानावरच्या रकान्यात उणे अकरा, शून्य, शून्य असं लिहिलं. त्याखाली तिनं आपल्या हातानं एक टीप घातली: "दोन्ही शून्यं माझ्यामुळे आली आहेत. हे यंत्र कोण नसल्यानं अडतं ते सांगतं, कोणी कोणाची जागा अडवली ते सांगत नाही. गुण देण्यासाठी ते वापरू नये." सही करताना तिला बरं वाटलं. आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून अळशी मॅडम आल्या होत्या. वय साठीच्या पुढे, आवाज हळू, आणि अहवाल खरोखर वाचून येणाऱ्या दुर्मीळ परीक्षकांपैकी एक. यंत्र दाखवून झालं. तथागतचा भाग अजून अर्धवटच होता. गप्प बसण्याचे दोन प्रकार त्या भागाला ओळखू यायचे, पण अधूनमधून तो अडखळायचा. अळशी मॅडमनी सगळं शांतपणे बघितलं आणि अहवालाचं शेवटचं पान उघडलं.

"ही टीप मला आवडली," त्या म्हणाल्या. "पण आवडली म्हणून ती खरी ठरत नाही. खरी नसेल तर विभागाच्या नव्या नियमानं तुम्ही तिघंही नापास आहात. तथागत, तू सांग. तुझं शून्य ठवकर मॅडममुळे आलं, हे बरोबर आहे का?"

तथागत फळ्याजवळ उभा होता. तो काही बोलला नाही.

खोलीत कूलरचा आवाज तेवढा होता. पिंपळापुरे सर दर्शनाकडे बघून भुवया उडवत होते, की बोला काहीतरी. तिच्याजवळ उत्तर तयार होतं, तीन मुद्द्यांत, उदाहरणासकट. तिच्या नोकरीचं उत्तर होतं ते. ओजस्वीनं खाली बघितलं.

"मॅडम, तुम्ही सांगता?" अळशी मॅडमनी दर्शनाला विचारलं.

"मला सांगता येईल," दर्शना म्हणाली. "पण त्याचा विचार चाललाय."

तो खरंच विचार करत होता की त्यानं सोडून दिलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शिकवून तिला ते बाहेरून ओळखता येत नव्हतं. तिनं हात मांडीखाली घेतले.

"बरोबर नाही, मॅडम," तथागत शेवटी म्हणाला.

दर्शनाचे हात मांडीखालून बाहेर आले.

"पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा ताईंनी काम काढून घेतलं, तेवढं खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी मी ते परत मागितलं नाही. मला बरं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं. त्यानंतर मी इतके दिवस गप्प होतो, तेव्हा मी विचार करून नव्हतो राहिलो. आता आमच्या यंत्रात ते दिसतं. माझे निरोप त्यात टाकले तर ते सांगतं, यानं सोडून दिलं. मी टाकून बघितलेत." त्यानं फळ्याकडे बघितलं, मग दर्शनाकडे. "ताईंनी माझं काम केलं. आता माझी चूकही त्याच करून राहिल्या आहेत. ती त्यांची नाही. ते शून्य माझं आहे."

दर्शनाचा चेहरा तापला. टीप लिहिताना आपल्याला किती उदार वाटलं होतं ते तिला आठवलं. या मुलाजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच काही उरलं होतं, आणि तेही तिनं मायेनं त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण तेवढीही ताकद नव्हती.

"या यंत्रानं गुण देता येणार नाहीत, पिंपळापुरे सर," अळशी मॅडम म्हणाल्या आणि अहवाल मिटला. "चूक कोणाची हे या मुलाला कळलं, ते यंत्राच्या आकड्यांत कुठंच नव्हतं. मी तिघांना तोंडी परीक्षेवर गुण देते. ठवकर मॅडम, तुम्ही मात्र आतापर्यंत एकही उत्तर दिलेलं नाही. यावर काही म्हणायचंय?"

म्हणायचं बरंच होतं. त्याचं यंत्राबद्दलचं वाक्य ढोबळ होतं, एक संज्ञा चुकली होती, आणि हे सगळं याहून नीट सांगता आलं असतं. दोन मिनिटं बोलली असती तर पहिला वर्ग मिळाला असता.

"नाही," दर्शना म्हणाली. "त्यानं सांगितलं तेवढं पुरे आहे."

अळशी मॅडमनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि काहीतरी लिहिलं. निकाल त्याच सकाळी दारावर लागला. तथागत आणि ओजस्वी चांगल्या गुणांनी सुटले होते. खाली, सगळ्या वर्गाच्या तळाशी, काठावर, तिचं नाव होतं. वर्गावर उभं राहायला तेवढं चालणार होतं. दर्शना ठवकर आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या जिवावर पास झाली होती, आणि मनाईच्या आत घरी जाऊन, डबा न भरता, ती दुपारभर झोपली.